खडकीची वाट आणि हॉपचा सुवास



उन्हाळा लागला म्हणजे आपल्या घरोघरीं एक छोटासा विधि होत असे, आणि पुष्कळ घरांत तो अजूनहि होतो. बाजारांतून वाळ्याची जुडी आणावयाची, ती स्वच्छ धुवावयाची, पातळ फडक्यांत बांधावयाची आणि माठाच्या थंड पाण्यांत सोडावयाची. रात्र उलटली कीं सकाळीं त्या पाण्याला पहिल्या पावसाची आठवण करून देणारा एक गंध आलेला असतो. ही जुडी पाण्यांत घालून कोणी उकळीत नाहीं. उकळली तर पाण्याला रंग येईल, थोडा तुरटपणाहि येईल. परंतु ज्यासाठीं सारा खटाटोप केला तो सुवास मात्र वाफेबरोबर खिडकींतून निघून जाईल. माठांत वाळा सोडणाऱ्या आजीबाईंना रसायनशास्त्र ठाऊक नव्हतें. पण सुवास थंडींत आणि शेवटीं घालावयाचा असतो, एवढें त्यांना पक्कें ठाऊक होतें.

बीअर नांवाच्या पेयांत हॉपच्या फुलांचा ताजा सुवास कसा उतरवितात, आणि ह्या प्रश्नाचा आपल्या पिंपरी-चिंचवडच्या रस्त्याशीं काय संबंध आहे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. मद्यपानाची भलावण करावी असा माझा मुळींच हेतु नाहीं. ज्यांच्या घरीं हा पदार्थ शिरत नाहीं अशा श्रोत्यांनींहि ही हकीकत ऐकावी, कारण एकाद्या सुवासाचा प्रवास हा राज्यांच्या प्रवासाइतकाच बोलका असतो. मिऱ्यांच्या वासानें पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर आले, हें आपण शाळेंतच शिकतों. हॉपचा वास उलट दिशेनें, इंग्रजांच्या मागोमाग, आपल्याकडे आला. आणि तो ज्या वाटेनें पुण्याच्या छावणीकडे गेला ती वाट चिंचवड-दापोडीवरून जात होती.

प्रथम ह्या वनस्पतीची ओळख करून घेऊं. हॉप ही थंड मुलखांतील एक वेल आहे. कुळ भांगेचेंच, पण भांगेंतील नशेचें द्रव्य तिच्यांत नाहीं. उन्हाळ्यांत ती दोरीला वेढे घेत पंधरा-वीस फूट चढते. नर-वेल आणि मादी-वेल निराळ्या असतात. मादी-वेलीला पातळ हिरव्या खवल्यांचीं, लहान शंकूसारखीं फुलें येतात. असें एक फूल उकलून पाहिलें तर खवल्यांच्या मुळाशीं हळदीसारखी पिवळी, चिकट भुकटी दिसते. सारी किंमत ह्या भुकटीची. तिच्यांत मुख्यतः दोन वस्तु असतात : एक राळेसारखा कडू पदार्थ, आणि दुसरें उडून जाणारें सुगंधी तेल. हें तेल वाळलेल्या फुलाच्या वजनाच्या शेंकडा अर्ध्या भागापासून तीन भागांपर्यंतच भरतें.

जवांना मोड आणून, ते वाळवून व भाजून, भरडून, ऊन पाण्यांत भिजविले म्हणजे एक गोड काढा निघतो. तो किण्व घालून आंबविला म्हणजे बीअर होते. युरोपांत पूर्वीं ह्या काढ्यांत रानांतील निरनिराळ्या वनस्पतींचें मिश्रण घालीत. जर्मनींतील बिंगेनची हिल्डेगार्ड ही विदुषी मठवासिनी ११७९ सालीं वारली. तिनें आपल्या ग्रंथांत हॉपच्या कडूपणामुळें पेयें नासत नाहींत असें नमूद करून ठेविलें आहे. १५१६ सालीं बव्हेरियाच्या ड्यूकांनीं बीअरमध्यें जव, हॉप आणि पाणी यांखेरीज दुसरें कांहीं घालूं नये असा हुकूम काढला. इंग्लंडांत हॉप आला तो पंधराव्या शतकांत, खाडीपलीकडील नेदरलंड्समधून. हॉप नसलेल्या जुन्या पेयाला ‘एल’ आणि हॉप घातलेल्या नव्या पेयाला ‘बीअर’ म्हणावयाचें, असा भेद तेथें पुष्कळ दिवस पाळला जाई. ह्या साऱ्या काळांत हॉपला मान होता तो मुख्यतः राखणदार म्हणून. पेय टिकवावें हें त्याचें काम. त्याच्या सुवासाकडे लोकांचें लक्ष सावकाश गेलें.

राखण आणि सुवास ह्या हॉपच्या दोन देणग्या एका हंड्यांत सुखानें नांदत नाहींत, हीच सर्व अडचणीची जड आहे. कडू राळ थंड पाण्यांत फारशी विरघळत नाहीं. ती काढ्याबरोबर तास-दीड तास खळखळून उकळली म्हणजे तिच्या रेणूंची मांडणी बदलते. मग ती काढ्यांत उतरते, पेयाला कडूपणा देते आणि पेय नासविणाऱ्या पुष्कळ जंतूंची वाढ रोखते. म्हणजे राखणीसाठीं अग्नि हवा आणि वेळहि हवा. परंतु तेवढ्याच वेळांत सुगंधी तेल वाफेवर बसून निघून जातें.

खानदेशांत रोशा गवताचें तेल काढण्याचा जुना धंदा आहे. गवत पाण्यांत उकळावयाचें, वाफ नळींतून नेऊन थंड करावयाची आणि पाण्यावर तरंगणारें तेल काढून घ्यावयाचें. बीअरच्या हंड्यांत घडतें तेंहि हेंच. फरक एवढाच कीं, रोशाचा भट्टीवाला जें जपून गोळा करतो तें बीअर करणारा धुराड्यावाटे बाहेर घालवितो. कारखान्याच्या शेजारच्या गल्लींत हॉपचा घमघमाट सुटला म्हणजे तेवढा सुवास पेल्यांतून वजा झाला असें खुशाल समजावें.

गंमत अशी कीं, हॉपच्या तेलांतील द्रव्यें आपल्या नाकाला मुळींच परकीं नाहींत. रोशाच्या तेलांतील जिरॅनिऑल, धन्यांतील लिनॅलूल, मिऱ्यांतील व लवंगांतील कॅरिओफिलीन, गवती चहांतील मिर्सीन हीं सर्व कमी-अधिक प्रमाणांत हॉपमध्येंहि सांपडतात. म्हणून हॉपच्या एका जातीला मसाल्याचा, दुसरीला फुलांचा, तिसरीला लिंबा-संत्र्याच्या सालीचा वास येतो. आणि ह्या द्रव्यांना कसें वागवावें हें आपल्या सुगरणींना कोणी शिकवावें लागत नाहीं. आमटी उतरल्यावर कोथिंबीर, खीर निवत आली म्हणजे वेलदोड्याची पूड, श्रीखंडांत केशर तर विस्तवाचा संबंधच न येतां. हीच रीत बीअर करणारांनीं आपल्या परीनें बसविली. हॉप एकदम न घालतां हप्त्यांनीं घालावयाचा : पहिला हप्ता उकळीच्या आरंभीं, कडूपणासाठीं, दुसरा अगदीं शेवटीं, हंडा उतरतांना, आणि तिसरा आंबण्याचें काम संपल्यावर, थंड पिंपांत मूठभर कोरडीं फुलें टाकून बूच ठोकावयाचें. हा तिसरा हप्ता म्हणजे माठांतील वाळाच.

हाच तिसरा हप्ता हिंदुस्थानच्या वाटेवर प्रसिद्धीस आला. लंडनच्या पूर्वेस बो नांवाच्या भागांत जॉर्ज हॉजसन यानें १७५२ सालीं बीअरचा कारखाना काढला. ईस्ट इंडिया कंपनीचीं जहाजें जेथें लागत तें ठिकाण तेथून जवळ होतें. कंपनीच्या कप्तानांना खाजगी व्यापाराची मुभा असे. ते हॉजसनकडून लांब मुदतीच्या उधारीवर पिंपें उचलीत आणि मुंबई, मद्रास व कलकत्ता येथील गोऱ्या अंमलदारांना विकीत. जहाजाला आफ्रिकेला वळसा घालून यावयास चार ते सहा महिने लागत आणि विषुववृत्त दोनदां ओलांडावें लागे. एवढ्या उष्ण प्रवासांत पेय टिकावें म्हणून त्यांत हॉप सढळ हातानें घालीत, आणि शिवाय पिंपांतहि कोरडा हॉप सोडीत.

ही फिकट रंगाची बीअर हिंदुस्थानासाठीं म्हणून कोणा एका शोधकानें निर्माण केली, अशी समजूत फार पसरलेली आहे. ती खरी नव्हे. इंग्लंडांतील जमीनदारांच्या वाड्यांतून ऑक्टोबर महिन्यांत बीअर करून ती दीर्घकाळ मुरत ठेवण्याची चाल होती. तिचीच ही वारस. साध्या गोऱ्या शिपायाच्या वाट्याला तर बहुतेक काळी पोर्टर येई. फिकट बीअर होती ती साहेबलोकांच्या मेजावरची. पुढें हॉजसनच्या वारसांनीं उधारी आंखडती घेतली आणि व्यापार स्वतःच्या हातीं घेण्याचा प्रयत्न केला. तेव्हां १८२२ सालीं कंपनीच्या एका संचालकानें बर्टन गांवच्या सॅम्युएल ऑलसॉप यास ह्या बाजाराची वाट दाखविली. ऑलसॉपच्या माणसानें पहिला नमुना चहाच्या किटलींत करून पाहिला अशी कथा सांगतात. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यांत जिप्सम भरपूर असल्यामुळें हॉपचा कडूपणा त्यांत स्वच्छ व ठसठशीत उमटे. पुढें ह्या प्रकाराला ‘इंडिया पेल एल’ हें नांव रूढ झालें.

आतां मुंबईस उतरलेलीं पिंपें पुण्याच्या बाजूस कशीं येत तें पाहूं. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीची लढाई झाली, पेशवाई मावळली, आणि पुण्यास व खडकीस इंग्रजांच्या छावण्या बसल्या. मुंबईहून माल पडावांतून पनवेलीस यावयाचा आणि तेथून बोरघाट चढावयाचा. १८३० सालीं गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत घाटांत गाडीरस्ता खुला झाला. १८५८ सालीं खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत आगगाडी सुरू झाली, आणि १८६३ सालीं घाटांतील चढणीचा लोहमार्ग पुरा होऊन मुंबई-पुणें सलग जोडलें गेलें. बैलगाडी असो वा आगगाडी, तळेगांव, चिंचवड, पिंपरी, दापोडी ओलांडल्याशिवाय खडकी येत नाहीं. ज्या चिंचवडास मोरया गोसावींची समाधि आहे, ज्या आकुर्डीस तुकोबांच्या पालखीचा मुक्काम पडतो, त्याच गांवांजवळून साहेबाचीं पिंपेंहि गेलीं. एका वाटेनें टाळ-मृदंगाचा गजर गेला आणि छावणीची रसदहि गेली. वाट कोणालाच नाहीं म्हणत नाहीं.

त्या पिंपांतील पेयाला खडकीस पोंचेपर्यंत कसला वास राहिला असेल ? हॉपचें तेल नाजूक. लांकडी पिंपाच्या फटींतून हवा शिरते, उष्णता ते बदल घडवून आणते, आणि सहा महिन्यांनीं पिंपांत राहतो तो मुरलेला कडूपणा. ज्याला आज जाणकार ताज्या हॉपचा सुवास म्हणतात तो त्यांत फारसा उरत असेल असें वाटत नाहीं. म्हणजे ज्या पेयाच्या नांवांत हिंदुस्थान गोंवला गेला, तें हिंदुस्थानांत ताजें कधीं पोंचलेंच नाहीं. हॉपचें राखणदाराचें काम येथें आलें. त्याचा सुवास वाटेंतच राहिला.

पिंपांतील त्या मूठभर हॉपविषयीं एक महत्त्वाची गोष्ट १८९३ सालीं उघडकीस आली. बर्टनच्या परंपरेंत वाढलेले रसायनशास्त्रज्ञ होरेस ब्राउन आणि त्यांचे सहकारी मॉरिस यांनीं असें दाखविलें कीं, कोरडा हॉप नुसता वास देऊन थांबत नाहीं; त्याच्यांत पिष्टाचे रेणू तोडणारें एक पाचक द्रव्य अल्प प्रमाणांत असतें. बीअरमध्यें जी जड शर्करा किण्वाला पचलेली नसते ती ह्या द्रव्यामुळें तुटते, किण्वाला पुन्हां खाद्य मिळतें, आणि पिंपांतील शांत झालेलें पेय पुन्हां हलकेंच आंबूं लागतें. हा निबंध पुढें बहुतेक विस्मृतींत गेला. सुमारें सव्वाशें वर्षांनंतर अमेरिकेंतील छोटे कारखानदार थंड बीअरमध्यें हॉप मुबलक घालूं लागले, आणि बंद डब्यांतील पेय पुन्हां आंबून त्यांतील वायूचा दाब वाढूं लागला. तेव्हां ब्राउन-मॉरिस यांचें संशोधन पुन्हां काढून वाचावें लागलें.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बीअर ह्या देशांतच होऊं लागली. कसौलीस एडवर्ड डायर यानें कारखाना काढला. १८६० सालीं मरीच्या डोंगरांत दुसरा निघाला. नंतर एच. जी. मीकिन यानें डायरचे सिमला व कसौली येथील कारखाने घेतले आणि आणखी ठिकाणीं नवे उभारले. राणीखेत, डलहौसी, चक्राता, दार्जिलिंग अशा थंड हवेच्या गांवांच्या त्या यादींत एकच नांव सपाटीवरचें दिसतें, आणि तें आपल्या खडकीचें. थंडीपेक्षां छावणीची जवळीक येथें मोलाची ठरली असावी. हॉप मात्र परदेशांतून किंवा काश्मिरांतून यावयाचा. वॉल्टर लॉरेन्स यांच्या १८९५ सालच्या काश्मीरवरील ग्रंथांत सोपोरजवळच्या दुबगाम येथील हॉपच्या बागेचा उल्लेख आहे.

ह्या इतिहासाला दुसरीहि एक बाजू आहे आणि ती झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. छावणी आली, अबकारीचें उत्पन्न आलें, आणि शहरांत दारूचीं दुकानें वाढलीं. १८८० सालीं पुणें नगरपालिकेचे सभासद असलेल्या महात्मा जोतीराव फुले यांनीं ह्या वाढत्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. १९०८ सालीं लोकमान्य टिळकांच्या पुढाकारानें पुण्याच्या गुत्त्यांसमोर स्वयंसेवक उभे राहिले. पुढें १९४९ सालीं मुंबई राज्याचा दारूबंदीचा कायदा झाला. त्याच्या अंमलबजावणींत नंतर पुष्कळ फेरफार झाले, तरी परवान्यावांचून मद्य तयार करण्यास महाराष्ट्रांत आजहि बंदी आहे, आणि घरगुती बीअरहि त्या बंदींत येते.

आतां दापोडीस क्षणभर थांबूं. पेशव्यांच्या दरबारीं असलेल्या कॅप्टन फोर्ड यानें येथें मुळा नदीच्या कांठीं मोठा बंगला बांधला होता. तो माल्कम यांनीं १८२८ सालीं सरकारसाठीं घेतला आणि शेजारीं मुंबई इलाख्याची सरकारी वनस्पतिबाग सुरू केली. परदेशीं झाडें येथें रुजतात कीं काय हें पाहणें हा तिचा एक मुख्य हेतु होता. १८३८ नंतर डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनीं ती अनेक वर्षें चालविली. १८४७ ते १८५० ह्या काळांत एका पोर्तुगीज-हिंदी चित्रकाराकडून त्यांनीं बागेंतील व आसपासच्या वनस्पतींचीं सुरेख चित्रें काढवून घेतलीं. तीं एडिंबरोच्या वनस्पतिउद्यानांत जपून ठेविलेलीं आहेत, मात्र चित्रकाराचें नांव काळाच्या उदरांत गेलें.

अशी बाग हाताशीं असतां छावणीच्या बीअरसाठीं हॉप येथेंच कां लावूं नये, असा प्रश्न सहज मनांत येतो. त्याचें उत्तर मातींत नाहीं, आकाशांत आहे. हॉपची वेल दिवसाची लांबी मोजते. दिवस खूप लांब असेपर्यंत ती नुसती वाढते. दिवस आंखडूं लागले कीं फुलावर येते. इंग्लंडच्या केंट परगण्यांत जूनमधला दिवस साडेसोळा तासांचा असतो. आपल्याकडे वर्षांतील सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास. त्यामुळें वेलीला येथें वाढीचा संदेशच मिळत नाहीं. ती हातभर होते न होते तोंच फुलावर येते आणि पीक हातीं लागत नाहीं. हिमाचल प्रदेशांतील लाहौलच्या उंच खोऱ्यांत दिवस अधिक लांब आणि हवा थंड. तेथें १९७० नंतरच्या दशकांत हॉपची शेती उभी राहिली. अलीकडे ब्राझीलमधील शेतकऱ्यांनीं रात्रीं विजेचे दिवे लावून वेलीला लांब दिवसाचा भास करून देण्याची युक्ति केली आहे. म्हणजे अडचण दुर्लंघ्य नाहीं. पण दापोडीच्या बागेजवळ त्या काळीं विजेचे दिवे नव्हते.

ताज्या सुवासाच्या कथेला पुढची कलाटणी दिली ती मोठ्या कारखान्यांनीं नव्हे, घरगुती हौशी माणसांनीं. इंग्लंडांत १९६३ सालीं घरच्यापुरती बीअर करण्यास लागणारा परवाना रद्द झाला. अमेरिकेंत १९७८ सालीं अध्यक्ष कार्टर यांनीं सही केलेल्या कायद्यानें घरगुती बीअरवरील बंधन उठलें. त्याआधीं, १९७२ सालीं, ओरेगनमधील संशोधनांतून ‘कॅस्केड’ नांवाची, द्राक्षफळाच्या सालीसारखा वास असणारी हॉपची जात प्रसृत झाली होती. स्वयंपाकघरांत वीस लिटरांचा हंडा चढविणाऱ्याला पेय सहा महिने टिकविण्याची चिंता नव्हती. तें त्याच्याच मित्रांनीं महिन्याभरांत संपवावयाचें होतें. राखणीचें ओझें उतरल्यामुळें तो सुवासाकडे मोकळ्या मनानें पाहूं शकला. त्या हौशी लोकांतूनच पुढें छोटे कारखाने निघाले आणि त्यांनीं जगाची रुचि बदलली.

त्यांची रीत थोडक्यांत अशी. कडूपणापुरता हॉप आरंभीं घालून काढा तासभर उकळावयाचा. विस्तव बंद केल्यावर काढा ८० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरूं द्यावयाचा आणि मग दुसरा हप्ता घालून वीस-तीस मिनिटें झांकून ठेवावयाचा. ह्या उष्णतेला कडूपणा फारसा वाढत नाहीं आणि वाफ थोडी असल्यानें तेल बरेंचसें टिकतें. नंतर काढा झपाट्यानें थंड करून किण्व सोडावयाचें. आंबणें संपत आलें म्हणजे १५ ते २० अंशांवर शेवटचा कोरडा हप्ता घालावयाचा : लिटरमागें तीन ते सहा ग्रॅम, आणि मुदत सुमारें तीन दिवस. मुदत लांबली तर गवताची चव उतरते. वेलीवरून नुकतीं तोडलेलीं हिरवीं फुलें घालावयाचीं झाल्यास तीं दिवसाच्या आंत हंड्यांत गेलीं पाहिजेत. आणि त्यांत पांचांपैकीं चार भाग पाणीच असल्यामुळें एक किलो वाळल्या हॉपच्या जागीं साडेचार किलो ओला हॉप लागतो. हिरव्या फुलांचा हा सोहळा वेलीच्या शेजारींच होऊं शकतो. आपल्याकडे तो बोटीनें किंवा विमानानें आणतां येत नाहीं.

इतकें करूनहि शत्रु उरतात ते तीन : हवा, ऊब आणि उजेड. हवेनें तेल शिळें होतें व राळेला जुन्या चीजसारखा वास मारूं लागतो. उजेडानें कडू द्रव्याचें विघटन होऊन दुर्गंध सुटतो, म्हणून बाटली तपकिरी असते. चाकणच्या बाजारांत कांदा आणणाऱ्या शेतकऱ्याला ठाऊक असतें कीं, कांदा चाळींत वाऱ्यावर ठेविला तरच टिकतो. हॉपचा धर्म ह्याच्या नेमका उलट आहे. त्याला वारा लागतां कामा नये. हवा काढलेल्या पिशवींत, बर्फाच्या थंडीहूनहि थंड जागीं तो ठेवावा लागतो.

हवा, ऊब आणि घाण यांवर ताबा ठेवण्याची विद्या मात्र ह्याच रस्त्यावर पुढें चांगली रुजली, आणि तिचा पहिला मोठा प्रयोग मद्याचा नव्हता, औषधाचा होता. १९५४ सालीं पिंपरीस स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सच्या पोलादी टाक्यांत पेनिसिलीन देणारी बुरशी निर्जंतुक हवेंत वाढविली गेली. ऊन द्रव क्षणांत थंड करणाऱ्या यंत्रांसाठीं जगभर प्रसिद्ध असलेली मूळची स्वीडिश अल्फा लाव्हल कंपनी अनेक दशकें दापोडीस आहे. काढा झपाट्यानें निववावयाचा तर हींच यंत्रें लागतात. २००९ सालीं पुण्यांत महाराष्ट्रांतील पहिली परवानाधारक छोटी बीअरशाळा सुरू झाली. तिचें नांव ‘डूलाली’. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणींत जहाजाची वाट पाहत बसलेले गोरे शिपाई कंटाळून भ्रमिष्ट होत, त्यावरून इंग्रजींत हा शब्द आला. त्याला आपला ‘ताप’ हा शब्दहि जोडीत. छावणीनें आपल्या गांवाचें नांव मोडून नेलें होतें. तें असें शंभर वर्षांनीं परत आलें.

पेय त्याच गांवांत तयार होऊन त्याच गांवांत संपतें, तेव्हां दोनशें वर्षांपूर्वींचा प्रवास उलटा झालेला असतो. पूर्वीं बीअर सहा महिने फिरे. आतां हॉप हवाबंद पिशवींतून फिरतो आणि बीअर घरींच राहते. म्हणून सुवासाची पारख करूं इच्छिणाऱ्यानें नांवाची पाटी पाहूं नये, तारीख पाहावी : हॉप कोणत्या हंगामाचा, पिशवी केव्हां फोडली, पेय केव्हां भरलें. जो कारखानदार ही तारीख स्पष्ट लिहितो तो सुवासाशीं प्रामाणिक आहे असें समजावें. कडूपणा वर्षभर टिकतो. सुवास थोड्या दिवसांचा पाहुणा असतो, आणि पाहुण्याला किती दिवस झाले हें यजमानानें विसरूं नये.

बोच्या कारखान्यापासून खडकीच्या छावणीपर्यंतची ही वाट आपण आज चाललों. तिच्यांत साम्राज्याचा लोभ आहे, सुधारकांचा विरोध आहे, शास्त्रज्ञांची चिकाटी आहे आणि हौशी माणसांचा हट्टहि आहे. ह्या सर्वांना शेवटीं जें सांपडलें तें असें : अग्नीनें मिळतें तें टिकतें, पण तें निराळें, सुवास हवा असेल तर अग्नि विझूं द्यावा, निवूं द्यावें, आणि मग जपून, झांकून, थोडा वेळच ठेवावें. उद्यां सकाळीं माठांतील वाळ्याचें पाणी पितांना हें आठवून पाहा. जगांतील मोठमोठ्या कारखान्यांनीं इतक्या वर्षांनीं गांठलेला मुक्काम आपल्या माजघरांत पूर्वींपासूनच होता.